सतरंज्या उचलल्या तो रविवार

एकदा एका नदीकाठच्या गावातल्या ख्रिस्ती मंडळीत एक वृद्ध पाळक होते, आणि त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता, ज्याला लोकांना रडवता येत असे.

ही विद्या सर्वांना साधत नाही. शिष्य ती धर्मशास्त्राच्या शाळेत शिकला की जन्माला येतानाच घेऊन आला, हे सांगणे कठीण. पण ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला आणि वेदीवर जांभळे वस्त्र चढले की त्याच्या वाणीला बहर येई. इतर वेळी तो बरा बोले. उपवासकाळात मात्र तो पाप, पश्चात्ताप आणि अश्रू यांच्यावर असा काही बोले की बायकांचे पदर ओले होत आणि पुरुष उगाच छताकडे पाहू लागत. कापडाचे व्यापारी अमोलिक हे मंडळीच्या पंचांत प्रमुख. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेनंतर ते सर्वांना सांगत सुटले, "काय बोलला पोरगा! माझे दोन रुमाल भिजले." रुमाल त्यांच्याच दुकानातले असल्यामुळे या साक्षीला वजन होते.

वृद्ध पाळक ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या रविवारी निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी शिष्याची नेमणूक करावी असे पंचांनी जवळजवळ ठरवून टाकले होते. पाळकांची स्वतःची प्रवचने लहान असत आणि त्यांत कोणी रडत नसे. मंडळीच्या वर्षातला ज्या रविवारचा जो पाठ, तोच ते वाचत. नाताळाआधीच्या आगमनकाळापासून पेंटेकॉस्टनंतरच्या त्रैक्य रविवारपर्यंत आणि पुढच्या त्या हिरव्या वस्त्राच्या, लांबलचक, निरुत्साही रविवारांपर्यंत एकही पाठ त्यांनी कधी बदलला नाही. "पाठ ठरलेला असतो," असे ते म्हणत. "ठरायचे असते ते आपण."

शिष्याला हे वाक्य कळले होते. निदान आपल्याला ते कळले आहे, असे त्याला वाटत होते.

आता त्या मंडळीत शांतवन नावाचा एक ढोलकीवाला होता. भजनाला त्याच्यासारखा गळा पंचक्रोशीत नव्हता. गेल्या नाताळात भजनी मंडळाची फेरी घरोघर निघाली, तेव्हा हा मनुष्य दारू पिऊन आला, आणि नेमका अमोलिकांच्या अंगणात, त्यांच्या व्याह्यांच्या देखत, ढोलकीसकट तुळशीएवढ्या उंचीच्या शेवंतीच्या वाफ्यात पडला. शेवंती गेली. व्याही हसले. व्यापाऱ्याला शेवंती परत लावता येते, व्याह्यांचे हसू परत घेता येत नाही. पंचांची बैठक भरली आणि शांतवनला मंडळीच्या शिस्तीखाली ठेवण्यात आले: प्रभुभोजन बंद, ढोलकी बंद, आणि उपासनेला बसायचे ते सर्वांच्या मागे, दारापाशी. मुदत होती पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत.

शांतवनने ती शिक्षा अशी काही पाळली की शिक्षा देणारेही ओशाळावेत. त्या दिवसापासून त्याने दारूला हात लावला नाही. दर रविवारी तो सर्वांच्या आधी येई आणि दाराशी, जिथे सतरंजी संपते आणि चपला सुरू होतात, तिथे मान खाली घालून बसे. उपवासकाळात शिष्य व्यासपीठावरून पश्चात्तापाविषयी बोलू लागला की त्याचा हात आपोआप दाराच्या दिशेने जाई. नाव तो घेत नसे. घ्यायची गरजच नव्हती; अख्खी मंडळी मागे वळून पाही आणि पदर डोळ्यांना लागत.

सण आला. वेदीवर पांढरे वस्त्र चढले. "प्रभू उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" असा गजर झाला, आणि उपासना संपताच घरोघरी मटण शिजले. शांतवनची मुदत त्या दिवशी संपली होती. पण पंचांच्या बैठकीत शिष्य म्हणाला, "इतका जिवंत पश्चात्ताप मी पाहिलेला नाही. तो पक्का होऊ द्यावा. पेंटेकॉस्टपर्यंत राहू द्या." अमोलिकांना शेवंती आठवली. त्यांनी मान डोलावली. वृद्ध पाळक त्या बैठकीत होते, पण काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त शिष्याकडे पाहिले. शिष्याला वाटले, आपल्या गांभीर्याचे कौतुक चालले आहे.

पुढच्या रविवारचा पाठ होता बंद दारांआड येऊन "तुम्हांस शांती असो" म्हणणाऱ्या प्रभूचा. शिष्याने त्यावरही पश्चात्ताप काढला. सराईत माणसाला काहीही कशातूनही काढता येते. हात दाराकडे गेला. लोक रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतवन आणि त्याची बायको सारूबाई पाळकांच्या घरी आली. पाळक ओटीवर शेंगा फोडत बसले होते. शिष्य टेबलाशी होता.

"सलाम, धाकले साहेब," शांतवन दाराबाहेरूनच म्हणाला. "पोरीच्या, सुनीतीच्या लग्नाचं विचारायला आलतो."

"आनंद आहे. या, आत या. तीन रविवार उपासनेत लग्नाची जाहीर घोषणा करू आणि मग तारीख धरू. बरं, वधूला वेदीपर्यंत घेऊन कोण येणार?"

"थोरला भाऊ येईल माझा."

"तर काय!" सारूबाई उसळली. "बाप धडधाकट असताना चुलता कशाला, म्हणते मी? साहेब, पोरगी दोन दिस जेवली न्हाई. म्हणती, आबा माझ्यासंगं चालणार नसतील तर मला ते लगीनच नको. सासरची माणसं ईचारत्यात, बाप मेलाय का काय?"

"तू गप," शांतवन म्हणाला. "काल साहेबांनी सांगितलं ते ऐकलं न्हाईस का? पापी माणसाची जागा दारापाशी. मी वेदीपाशी जाऊन काय करू? सवय झाली मला आता. हितंच बरं वाटतंय."

शिष्याला आपले प्रवचन दुसऱ्या दिवशीही कोणाच्या तोंडी आहे, हे ऐकून आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. तो म्हणाला, "तुमची नम्रता मोठी आहे, शांतवनराव." यापुढे जे बोलायला हवे होते ते त्याला सुचले नाही. सारूबाईने त्याच्याकडे असे पाहिले की एखाद्या दुसऱ्या माणसाचा चहा गार झाला असता. पण शिष्य चहा पीत नसे.

ती दोघे गेल्यावर पाळकांनी एक शेंग फोडली आणि म्हणाले, "या रविवारचा पाठ तू वाच. पहिलं वाचन. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातलं."

"वाचीन. सुंदर नावाच्या दरवाजापाशी बसलेल्या लंगड्याची गोष्ट आहे. परीक्षेला होती."

"आजपासून वाच," पाळक म्हणाले. "रोज एकदा."

शिष्याने मान हलवली आणि पाठ शनिवारपर्यंत उघडला नाही.

शनिवारी दुपारी तो प्रार्थनामंदिरात गेला, तेव्हा पाळक कमरेला उपरणे बांधून सतरंज्या गुंडाळत होते. मंदिरात बाके अगदी थोडी होती, पंचांसाठी आणि त्यांच्या पाठदुखीसाठी. बाकी सर्व मंडळी सतरंज्यांवरच बसे. पाळकांनी सगळ्या सतरंज्या कोठीच्या खोलीत टाकल्या, बाके व्हरांड्यात ओढली, कोठीला कुलूप लावले आणि किल्ली अंगरख्याच्या खिशात घातली.

"धुवायला काढल्यात का?" शिष्याने विचारले.

"नाही."

"मग उद्या लोकांनी बसायचं कशावर?"

"तू पाठ वाचलास का?" पाळकांनी विचारले, आणि उत्तर येण्याआधीच निघून गेले.

रविवारी सकाळी मंदिराच्या दारात जी गर्दी झाली ती भक्तीमुळे नव्हती. माणसे आत डोकावत होती आणि परत बाहेर येत होती. अमोलिक घाम पुसत पुढे आले.

"साहेब, सतरंज्या कुठं गेल्या?"

"उचलल्या."

"चोरीला गेल्या का काय?"

"मीच उचलल्या. आत या."

"आत येऊन बसायचं कुठं?"

"बसायचं नाही."

अमोलिकांनी शिष्याकडे पाहिले. पुढच्या महिन्यापासून हे असले प्रकार होणार नाहीत ना, असा प्रश्न त्या पाहण्यात होता. शिष्याने खांदे उडवून, या म्हातारपणाशी आपला संबंध नसल्याचे सुचवले.

मंडळी आत येऊन उभी राहिली, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. पाळकांनी जाहीर केले की ज्यांना वृद्धापकाळामुळे उभे राहवत नसेल त्यांच्यासाठी व्हरांड्यात बाके ठेवली आहेत, त्यांनी खुशाल जाऊन बसावे. त्या दिवशी मंडळीत एकही वृद्ध निघाला नाही. काठी टेकत येणारे हेडमास्तरसुद्धा काठी मागे लपवून ताठ उभे राहिले.

मग पाळक बोलले.

"ही माझी लहर नाही. हा मंडळीचा फार जुना नियम आहे. आपल्या पंच कमिटीपेक्षा जुना, आपल्या मिशनपेक्षाही जुना. पुनरुत्थानापासून पेंटेकॉस्टपर्यंत मंडळीने गुडघे टेकायचे नाहीत. प्रार्थना करायची ती उभ्याने. उपवासकाळ चाळीस दिवसांचा आहे आणि आनंदाचा काळ पन्नास दिवसांचा. ज्यांनी आपले वर्ष बांधले त्यांना हिशेब येत होता. त्यांनी दुःखाला कमी दिवस दिले. आपण मात्र चाळीस दिवस चोख पाळतो आणि पन्नासांतला एकच पाळतो, तोही मटण शिजेपर्यंत. सोमवारी पुन्हा तोंड पाडून बसतो. मला माहीत आहे का ते. रडणे बसल्या जागी होते. त्याला काही उठावे लागत नाही. आणि दुसरा कोणी रडत असेल तर त्याहून उत्तम, आपल्याला नुसते पाहत बसता येते. पण प्रभू उठला आहे, असे आपण म्हणतो. म्हणतो तर उभे राहू. आता पाठ."

शिष्य पाठपीठापाशी गेला. त्याने पुस्तक उघडले आणि समोर पाहिले. सारी मंडळी उभी होती. आजवर त्याला व्यासपीठावरून माना दिसत आल्या होत्या. आज चेहरे दिसत होते. फक्त एक मान खाली होती. दारापाशी, उघड्या फरशीवर, शांतवन नेहमीच्या जागी बसला होता. सतरंजी असो वा नसो, त्याची जागा ठरलेली होती. आणि बायकांच्या रांगेत सुनीती होती. ती वेदीकडे पाहत नव्हती. ती दाराकडे पाहत होती.

शिष्य वाचू लागला. त्याचा आवाज चांगला होता. मंदिराच्या दरवाजापाशी एक पांगळा माणूस होता. येणाऱ्याजाणाऱ्यांकडे भीक मागण्यासाठी त्याला रोज कोणी ना कोणी उचलून आणून तिथे ठेवत असे.

इथे शिष्य अडखळला.

परीक्षेत त्याला दरवाजाचे नाव विचारले होते, प्रेषितांची नावे विचारली होती, वेळ कोणती होती तेही विचारले होते. त्या माणसाला रोज आणून तिथे ठेवणारे कोण होते, हे कोणी विचारले नव्हते. दुष्ट माणसे नसावीत. ओळखीचीच असावीत, भली असावीत. आपण याचे बरेच करतो आहोत, असे त्यांना वाटत असावे. येणाऱ्याजाणाऱ्यांना दया करायला एक माणूस मिळत होता, आणि ती मंडळी त्याला नेमाने आणून ठेवत होती.

त्याने पुढची ओळ वाचली. प्रेषित पेत्राने त्याचा उजवा हात धरला आणि त्याला...

त्याने वाचणे थांबवले. मंडळी थांबली. अमोलिकांना वाटले पोराला चक्कर आली. उभे ठेवल्यावर दुसरे काय होणार? पाळक वेदीशी हात जोडून उभे होते. त्यांनी मदत केली नाही.

शिष्याने पुस्तक तसेच उघडे ठेवले, पायऱ्या उतरला आणि दोन्ही रांगांमधून दारापर्यंत चालत गेला. ती वाट फार लांबची नव्हती, पण व्यासपीठावरून बोट दाखवताना ती जितकी वाटे त्याहून पुष्कळच लांब निघाली. त्याने हात पुढे केला.

"उठा, आबा."

शांतवन मागे सरकला. "नको, धाकले साहेब. मी हितंच बरा. सवय झाली."

"सवय मला झाली," शिष्य म्हणाला. "तुमची मुदत सणालाच संपली होती. तुम्हाला इथे ठेवा असं मी बैठकीत सांगितलं."

शांतवनने पहिल्यांदाच मान वर केली. रागाने नाही, खरोखरच कळेना म्हणून त्याने विचारले, "का ओ साहेब?"

शिष्याला भाषाशास्त्र येत होते, प्राचीन भाषा येत होत्या. पण या तीन शब्दांना त्याच्यापाशी चांगलेसे उत्तर नव्हते. म्हणून त्याने खरे दिले.

"तुम्ही इथे बसलेले असलात की माझं प्रवचन चांगलं होतं."

कोणीतरी फिसकन हसले. मग सगळ्यांनाच हसू आले, आणि त्या हसण्यात पुष्कळांना आपले रुमाल आठवले असावेत, कारण ते लगेच थांबले. शांतवन त्या पुढे केलेल्या हाताकडे बघत राहिला. दुरून सुनीतीचा आवाज आला, "आबा, उठा की!" त्याने हात धरला.

उठताना तो कोलमडलाच. "थांबा, थांबा," तो एका पायावर उड्या मारत म्हणाला, "पायाला मुंग्या आल्यात!" दुसऱ्या बाजूने कोणीतरी त्याचा दंड घट्ट धरला. ते अमोलिक होते.

"चल रे," ते पुटपुटले. "अंगणात पडला होतास तेव्हापण मीच उचलला होता. जड आहेस."

"शेवंतीचं लई वाईट वाटलं, शेटजी."

"शेवंतीचं राहू दे. खड्या आवाजात भजन सुरू कर. किती महिने झाले, तो हेडमास्तरांचा मेव्हणा ढोलकी वाजवतोय. ऐकवत नाही."

ते तिघे तसेच, मधला एका पायावर, रांगांमधून पुढे निघाले. सुनीती रांग सोडून आली आणि तिने अमोलिकांना बाजूला सारून बापाचा हात धरला. पंचांना असे बाजूला सारण्याची त्या मंडळीत रीत नव्हती. पण अमोलिक सरले. पाळकांनी अंगरख्याच्या खिशातून कोठीची किल्ली काढली आणि सारूबाईच्या हातात दिली. ढोलकी आतच होती, सतरंज्यांच्या मागे. ती बाहेर आली. शांतवनने थाप मारून पाहिली, शाईवर बोट फिरवले, पुन्हा थाप मारली, आणि मग गळा मोकळा सोडला.

त्या दिवशी जे भजन झाले त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. उभ्या माणसांनी म्हटलेले भजन छातीतून येते, एवढे सांगितले तरी पुरे. टाळ्या पडत होत्या, डाव्या रांगेतून सूर चढत होता, हेडमास्तरांनी काठी कोपऱ्यात ठेवून दिली होती. रस्त्यावरची माणसे खिडक्यांशी येऊन उभी राहिली. शिष्य पाठपीठाशी परत आला. पाठ अर्धाच राहिला होता. तो पांगळा उठला, चालू लागला, उड्या मारत, देवाची स्तुती करत मंदिरात गेला, हे त्याने त्या गजरातच मोठ्याने वाचून पुरे केले. कोणालाही ऐकू गेले नाही. कोणाचे अडलेही नाही. घरोघरची चूल त्या दिवशी उशिरा पेटली आणि कोणी तक्रार केली नाही.

दुपारी सर्व गेल्यावर शिष्य व्हरांड्यातल्या बाकापाशी आला. पाळक तिथे टेकले होते. आपण वृद्ध आहोत हे मान्य करायला त्यांना आता हरकत नव्हती. शिष्य मात्र उभाच राहिला.

"साहेब, आपण पाळक आहात. बैठकीत आपण एक शब्द बोलला असता तर त्याला त्याच दिवशी उठवता आलं असतं. सतरंज्या उचलण्याचा एवढा खटाटोप कशाला केलात?"

"मी उठवलं असतं तर तो उठला असता," पाळक म्हणाले. "तू बसलेलाच राहिला असतास. आणि पेंटेकॉस्टनंतर ही मंडळी तुझ्या हाती आहे."

शिष्याने दारापाशच्या त्या मोकळ्या जागेकडे पाहिले. मग तो म्हणाला, "आता पंच मला नेमतील असं वाटत नाही."

"अमोलिक जाताना भेटून गेले. म्हणाले, पोरगा बोलतो बरा, पण चालतो त्याहून बरा." पाळकांनी डोळे मिटले. "पुढच्या रविवारचा पाठ आजच वाचायला घे."

घोषणा तीन रविवार झाल्या, आणि पेंटेकॉस्टच्या आदल्या आठवड्यात सुनीतीचे लग्न लागले. विधी शिष्याने चालवला. वधू दारातून आत आली ती बापाच्या हातात हात घालून. शांतवनने नवा कोट शिवला होता. कापड अमोलिकांचे, आणि आहेर म्हणून दिलेले असल्यामुळे चांगल्यापैकी होते. वेदीपाशी आल्यावर शिष्याने उपासनाक्रमातला प्रश्न विचारला, "या कन्येला विवाहात कोण देत आहे?"

"मी देतोय," शांतवन म्हणाला. "तिचा बाप." हे त्याने इतक्या मोठ्याने सांगितले की व्हरांड्यात वाढप्यांशी बोलणारे आचारीही गप्प झाले.

क्रमाप्रमाणे यानंतर बापाने मुलीचा हात वराच्या हाती देऊन मागे जायचे असते. शांतवनने हात दिला. मागे जायचे मात्र तो विसरला. वधू आणि वर यांच्या मधोमध, छाती पुढे काढून, तो वेदीकडे पाहत उभा राहिला. वराने मान वाकडी करून नवरीला शोधले. करवल्या हसू लागल्या. थोरल्या भावाने मागून त्याचा कोट ओढून पाहिला. शांतवनच्या ध्यानात आले आणि तो गडबडून वळू लागला.

"राहा उभे, आबा," शिष्य हळूच म्हणाला. "घाई नाही."

आणि तो पुस्तकावर बोट ठेवून थांबला.

ज्याला उठून उभे राहायला इतका काळ लागला, त्याला खाली बसवण्याची घाई देवाला नसते. आपणही करू नये.